खोलीतला एकजण

वरचा कोंड, पेटा पोलादपूर
ता. ३ फेब्रुवारी १९५९

चि. महिपती यास राहीचे अनेक आशीर्वाद.

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहायला बसले आहे. भांडण झालं ते तुझं आणि ह्यांचं. माझं तुझ्याशी काही भांडण नाही, आणि असलंच तरी मी तुझी थोरली बहीण आहे, मला ते विसरायचा हक्क आहे.

चंद्रीचं लग्न ठरलं. खालच्या कोंडातल्या सोनबाचा भागोजी. वैशाखात बार उडवायचा म्हणतात. सोनबाची नदीकाठची खाचरं तुला ठाऊक आहेत, माणसंही खाऊन-पिऊन सुखी आहेत, चंद्रीला मुलगा पसंत आहे. विचारलं तर म्हणते, "मला काय इचारतेस गो आये," आणि उगाच हंडा घेऊन पाण्याला जाते. हंडा भरलेलाच असतो. म्हणजे पसंत आहे.

आता कामाचं. भागोजी मुंबईला तुमच्या गिरणीत आहे आणि आपल्या गावच्या माणसांच्या सामाईक, गावकीच्या खोलीत राहतो, तुझ्याच शेजारी त्याची वळकटी असते असं ऐकलं. मग त्याला तुझ्याइतकं कोण ओळखणार? तो पितो का, पत्ते खेळतो का, हे विचारत नाही. थोडंफार सगळेच करतात. मला दुसरं विचारायचं आहे. मुंबईहून येणाऱ्या पोरांना हल्ली जे होतं ना, ते. त्याला तसलं काही नाही ना?

प्रयागबाईच्या लेकीचं काय झालं ते तू ऐकलं असशील. नवरा मुलगा बोहल्यावर खोकत होता. सगळे म्हणाले, जरा मुंबईचं पाणी मानवत नाही. सगळ्यांना माहीत होतं, एकानं तोंड उघडलं नाही, कारण ठरलेलं लग्न मोडणाऱ्याला पाप लागतं. पोरगी दिवाळीला पांढऱ्या कपाळानं परत आली. तिला बघितलं की मला तिच्या जागी चंद्री दिसते. म्हणून मी पाप विचारत फिरते आहे.

उत्तर पाकिटात घाल. कार्ड टाकू नकोस. डोंगरावरच्या कोंडांचं टपाल अजून पोलादपुरात मोरूच्या दुकानी पडतं, आणि मोरू कार्ड मोठ्यानं वाचल्याशिवाय कोणाच्या हातात देत नाही. आधी बाजार ऐकतो, मग मी.

आणि चंद्रीच्या पाठीशी मामा म्हणून तुला उभं राहायचं आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझी
राही

*

ता. २ मार्च १९५९

चि. महिपती यास,

तुझं पाकीट मिळालं. एवढं मोठं पाकीट आणि आत एवढंसं पत्र, बघून हसू आलं. वाचल्यावर हसू गेलं.

"मुलगा तसा बरा आहे. कामाला चोख आहे. खोलीतल्या गोष्टी पत्रात लिहिता येत नाहीत. ज्याचं त्यानं बघावं. लग्नाला मला धरू नये."

तसा बरा म्हणजे कसा बरा? बैल विकणारासुद्धा बैलाला तसा बरा म्हणत नाही, शिंग तरी दाखवतो. आपण दोघं महाडच्या शाळेत एका पाटीवर शिकलो. तू पाटी फोडायचास आणि मी लिहायची. आप्पा म्हणायचे, पोरगी सरळ लिहिते. तुझं हे वाकडं लिहिणं कुठून आलं रे?

आणि लग्नाला धरू नये? मुलीला असे मामा किती असतात? मला तू एकटा आहेस.

तीन वर्षांपूर्वीच्या शिमग्याचं तू अजून मनात धरलं आहेस हे मला कळतं. पण तूच सांग, चूक कोणाची? बहिणीच्या घरी आलास आणि म्हणालास, मला वेगळं ताट द्या, पाण्याचा तांब्या वेगळा द्या. चंद्री मामा मामा करत आली तर तिला लांब सारलीस. ओटीवर एकटा घोंगडी घेऊन निजलास. ह्यांना राग येणार नाही तर काय होईल? "आमच्या भांड्याचा इटाळ व्हतो काय रे मुंबईकराला?" असं हे बोलले खरे. बोलायला नको होतं. पण तू एक अक्षर न बोलता पहाटे निघून गेलास आणि तेव्हापासून ह्या घराची पायरी चढला नाहीस.

ते जाऊ दे. मला एवढंच सांग, भागोजीला ते आहे की नाही? हो किंवा नाही. त्याला शाई किती लागते?

राही

*

ता. ३० मार्च १९५९

चि. महिपती यास,

शिमगा झाला. पालखी दारात आली तेव्हा मी देवीपुढे नारळ ठेवला आणि काय मागितलं ते तिला माहीत. खोलीतले बहुतेक बाप्ये आले होते, तू नाहीस. भागोजीही आला होता. पालखी खांद्यावर नाचवत होता आणि मी चंद्रीच्या आईसारखी न बघता डॉक्टरासारखी बघत होते. छाती भरते का, धाप लागते का. मला तो उतरलेला वाटला. आता मी ज्याच्याकडे बघेन तो मला उतरलेलाच वाटतो.

चांगूला गाठलं. तुमच्या खोलीत तो सगळ्यात जुना, त्याला नाही माहीत तर कोणाला? त्याला पोळी वाढली, दूध वाढलं, मग विचारलं, "चांगूभावजी, खोलीत कुनाला काय दुखनं हाय काय?"

त्याचा घास तिथेच थांबला. म्हणाला, "खोलीतल्या एकाला जरा... त्ये हाय, वैनी."

"कुनाला?"

"खोलीतलं खोलीत र्‍हातं. देवाफुडं हात ठेवून ठरलंय आमचं. एकाचं नाव भायेर गेलं तर मुकादम त्याला काढल आनि चाळवाला समद्यांना काढल."

"माज्या पोरीचं लगीन हाय रे."

"मला तुमाला सांगवत नाय, वैनी. दुसऱ्या कुनाला सांगितलं असतं, तुमाला नाय सांगवत." आणि ताटावरून उठला. पोळी अर्धी टाकून उठणारा माणूस नाही चांगू, तुला माहीत आहे.

मला सांगवत नाही म्हणजे काय ते मी समजले. माझा होणारा जावई आहे, म्हणून सांगवत नाही.

त्यावर बयाबाई. तिचा मुलगा शिवडीला राहतो, ती त्याच्याकडे जाऊन आली. म्हणाली, "सोनबाचा भागोजी शिवडीच्या त्या दवाखान्याच्या दारात दिसला गो. हातात डबा व्हता. मी हाक मारली तं मान खाली घालून गेला." त्या दवाखान्यात लोक कशासाठी जातात ते मुंबईला न गेलेल्या मलाही माहीत आहे. बयाबाईनं दवाखान्याचं नाव घेतलं, रोगाचं घेतलं नाही. मग पदरानं तोंड पुसलं, जसं काही तेही घेतलंच होतं.

महिपती, मी काय करू? ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "कुनी आंगावर लिवून दिलंय का? उगा पाप घिऊ नको." सोनबाच्या बायकोला विचारू? ती म्हणेल, तसा बराच आहे. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तिन्हीसांजेला सापाचं नाव घ्यायचं नाही, मीठ संपलं तर संपलं म्हणायचं नाही. आणि ह्याचं तर अजिबातच नाही. तोंडातल्या तोंडात अर्धी भाषा गाडून ठेवली आम्ही. चंद्री त्या गाडलेल्यावरून चालत त्याच्या घरी जाणार.

उत्तर दे. हात जोडते.

राही

*

ता. १४ एप्रिल १९५९

महिपती,

उत्तर नाही. दर बाजाराला उतरते. मोरू लांबूनच हात हलवतो. आता तर त्याला माझी कीव येते, हात न हलवता नुसतं बघतो.

घरात जात्याला सुपारी बांधली. बायका हळद दळतात, गाणी म्हणतात, मला बोलावतात. मी जाते आणि दळते. चंद्रीच्या अंगावर आतापासूनच पिवळेपणा चढल्यासारखा दिसतो, इतकी ती आनंदात आहे. काल म्हणाली, "आये, तू मला बगून रडतेस काय गो? मी काय लांब जातेय? खालच्या कोंडात." मी म्हटलं, धूर गेला डोळ्यांत.

माझा धीर सुटत चालला आहे. तुला नाव लिहायचं नसेल तर लिहू नकोस. शपथ मोडायची नसेल तर मोडू नकोस. मी सोपं करून देते. भागोजी धडधाकट असेल तर नुसतं कार्ड टाक, त्यावर "खुशाल" एवढाच शब्द. तो शब्द बाजारानं वाचला तरी चालेल. आणि त्याला ते असेल तर काहीच टाकू नकोस. बस्ता बांधायच्या दिवसापर्यंत कार्ड आलं नाही तर मी समजेन की आहे.

बघ, मलाही तो शब्द लिहवला नाही. इतकी पत्रं लिहिली, सगळीकडे 'ते' 'ते' लिहिलं. तुला काय बोलू!

राही

*

ता. ४ मे १९५९

महिपती,

कार्ड आलं नाही. मी समजायचं ते समजले आणि करायचं ते केलं.

काल महाडला बस्ता होता. दोन्हीकडची माणसं कापडवाल्याच्या गादीवर बसली होती. सोनबा, त्याची बायको, भागोजी, हे, मी, चंद्री. कापडवाला लुगडी उलगडत होता. हिरवं लुगडं चंद्रीच्या मांडीवर टाकलं होतं. भागोजी तिच्याकडे बघत होता, आणि मला तो चांगला वाटत होता रे. तेच सगळ्यात वाईट. मुलगा मनानं चांगला आहे हे मला दिसत होतं.

मग गठ्ठ्याची धूळ उडाली आणि त्याला ठसका लागला.

साधा ठसका असेल. धुळीत मलाही लागतो. पण तो खोकला आणि मला प्रयागबाईची लेक दिसली, तिचं ते कपाळ, आणि माझ्या तोंडातून निघालं. हळू नाही. अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं.

"सोनबा, तुमच्या लेकाला क्षय हाय. मी माजी पोर देनार नाय."

महिपती, तो शब्द मी जन्मात पहिल्यांदा उच्चारला. कापडवाल्यानं भागोजीच्या बाजूची लुगडी ओढून घेतली. दुकानातली परकी माणसं उठली आणि चपला घालून बाहेर गेली. सोनबाची बायको तोंडावर पदर घेऊन बसली. हे माझ्याकडे बघत होते, जसं काही मी कोणी दुसरीच आहे.

सोनबा पोराला म्हणाला, "बोल रे. काय हाय त्ये बोल. ही बाई खोटं बोलते असं म्हन, तिला हितंच नागवी करतो."

भागोजी माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला काय बोलायचं नाय."

झालं. आणखी काय पाहिजे? सोनबानं पागोटं सारखं केलं आणि बायकोला उठवून घेऊन गेला. भागोजी मागून गेला. जाताना चंद्रीच्या मांडीवरचं लुगडं त्यानं नीट घडी करून गादीवर ठेवलं.

चंद्री बोलत नाही. जेवत नाही. यष्टीत माझ्या शेजारी बसली नाही, ह्यांच्या शेजारी बसली. मी तिला वाचवलं असं मी स्वतःला सांगते. कालपासून सांगते आहे आणि पटत नाही. तू एकदा सांग की वाचवलंस. एवढं तरी लिही.

राही

*

ता. १२ मे १९५९

महिपती,

आज भागोजी आला होता. एकटा, डोंगर चढून. मी खाचरात राब भाजायला पाला पसरत होते. तो बांधावर येऊन उभा राहिला. मी विळा हातात घट्ट धरला, म्हटलं आता हा शिव्या देणार. द्याव्यात.

म्हणाला, "मावशी, तुमच्यावर माजा राग नाय. पन आता गप र्‍हाऊन चालायचं नाय. माज्या आयेनं आन्न सोडलंय."

"मंग दुकानात का नाय बोललास?"

"शपत व्हती. आनि त्या दुकानात समद्यांम्होरं कसं सांगू? तुमी मोडून पडला असता." मग खाली बघून म्हणाला, "त्ये मला नाय, मावशी. महिपतीदादांना हाय."

सगळं सांगितलं त्यानं. तीन वर्षांहून जास्त झाली. आधी खोकला, मग रक्त. तू कोणाला कळू न देता कामावर जात होतास. भागोजी तुझी थुंकी राखेत घालून लांब नेऊन टाकत होता. दवाखान्यात खाट मिळाली तेव्हापासून रोज पाळी सुटली की तो पेज करून डब्यातून तुझ्यासाठी नेतो. बयाबाईनं पाहिला तो डबा तुझा होता. चांगूला मला सांगवलं नाही ते जावयासाठी नव्हे, भावासाठी. माझं एप्रिलचं पाकीट, त्याच्या आधीच्यासकट, खोलीत तुझ्या ट्रंकेवर तसंच पडलं आहे, न फोडलेलं; दुखणाईताला घरची काळजी नको म्हणून चांगूनं ते तुझ्यापर्यंत जाऊ दिलं नाही. तू तेव्हा खाटेवर होतास. आणि मी त्या पाकिटाच्या गप्प बसण्यावर माझ्या पोरीचं लग्न मोडलं.

खरं सांगू? त्यानं सांगितलं तेव्हा पहिल्या क्षणी मला हलकं वाटलं. पोरगा धड आहे! आणि दुसऱ्या क्षणी कळलं की हे ओझं कोणाच्या अंगावर गेलं. मी बांधावरच बसले. तो पोरगा तांब्या घेऊन पाणी आणायला धावला. ज्याला मी भर महाडात बुडवला तो.

आणि मग ते ताट आठवलं. वेगळं ताट, वेगळा तांब्या, चंद्रीला लांब सारणं, ओटीवर निजणं. अरे गाढवा. अरे माझ्या गाढवा! एवढंच म्हणायचं होतंस, राही, मला क्षय आहे. मी तुला हाकललं असतं? आम्ही तुला घमेंडखोर ठरवलं आणि तू ते ऐकून घेतलंस. घमेंडखोर म्हणवून घेणं तुला सोपं गेलं.

आणि माझ्या पत्राला काय लिहिलंस, मुलगा तसा बरा आहे! एकदा लिहायचं होतंस, तो अगदी बरा आहे, ते मला आहे. एका ओळीनं सगळं निभावलं असतं. पण त्याला नाही म्हटलं की मी विचारणार, मग कोणाला? त्या एका प्रश्नाला तू भ्यालास.

मी लगेच, आजच, त्याच्याबरोबर खाली उतरले. सोनबाच्या ओटीवर पदर पसरला. सांगितलं, माझी चूक झाली, तुमचा मुलगा निरोगी आहे, रोग माझ्या भावाला आहे. सोनबा हसला, वाईट हसला. म्हणाला, "दुकानात माज्या पोराचं नाव घेतलंस, आज भावाचं घेतेस. उद्या कुनाचं घेशील? लोक म्हनतील, लगीन जोडायला बाईनं भावावर ढकललं. ज्याचं हाय त्यानं सांगावं."

तो खोटं बोलत नाही. महाडच्या बाजारात पडलेला शब्द माझ्या रडण्यानं उचलला जाणार नाही. खालच्या कोंडात त्यांच्या विहिरीवर बायका आता भागोजीच्या आईचा हंडा शेवटी भरू देतात. त्याला कोणी मुलगी देणार नाही, आणि चंद्री दुसऱ्या कोणाकडे बघणार नाही. दोघांची माती मी केली. आणि ती फक्त तुला निस्तरता येईल.

तुझं नाव बाहेर गेलं तर गिरणी जाईल, खोली जाईल, हे भागोजीनं मला सांगितलं. आजारी भावाकडे मी काय मागते आहे ते मला कळतं. मागायला नको. तरी मागते. माझ्यापुढे दुसरी वाट नाही. तू सांग, महिपती. तुझ्या तोंडानं किंवा तुझ्या हातानं सांग. मी सांगितलेलं आता कोणी धरत नाही.

हे पाकीट भागोजीच्या हातानं पाठवते, म्हणजे ट्रंकेवर पडणार नाही.

तुझी राही

*

ता. २ जून १९५९

प्रिय महिपती,

तुझं कार्ड आलं. कार्ड! मी तुला पाकीट पाकीट म्हणून बजावलं आणि तू मुद्दाम कार्ड टाकलंस. सोनबाच्या नावानं, मोरूच्या दुकानी, बाजारच्या दिवशी पोचेल असं. तुझी लबाडी मी आता ओळखली.

मी मिठाला उतरले होते. सोनबा दुकानाच्या फळीवर बसला होता, माझ्याकडे पाठ करून. मोरूनं नेहमीसारखा घसा साफ केला आणि वाचायला लागला. "सोनबा यांस महिपतीचा नमस्कार. भागोजीला काही नाही, तो निरोगी आहे. तो दवाखान्यात येत होता तो माझ्यासाठी पेज घेऊन." इथपर्यंत खणखणीत वाचलं. मग अडखळला. चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाला, "त्ये... जरा त्ये मला आहे."

मोरूलाही म्हणवेना. मोरू सबंध तालुक्याच्या भानगडी मोठ्यानं वाचतो, त्याला तो एक शब्द वाचवेना.

मी म्हटलं, "मोरू, लिवलंय तसं वाच."

"राहीबाय, आगो बाजार भरलाय."

"म्हनूनच वाच."

मग त्यानं वाचलं. "क्षय मला आहे. राहीला मी सांगितलं नव्हतं, म्हणून तिची चूक झाली. महिपती." बाजारात माणसं होती, भाज्या घेणारी, भांडणारी, सगळी वळून बघायला लागली. मला वाटलं मी रडेन. मला रडू आलं नाही. मला तुझा अभिमान वाटला, आणि भीती वाटली, दोन्ही एकदम.

सोनबा फळीवरून उतरला. माझ्यापुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, "दोनी येळा बाजारात तूच वरडलीस, बाई." मग कार्ड मोरूच्या हातातून घेतलं, घडी न करता पागोट्यात खोचलं, आणि म्हणाला, "ह्ये कार्ड मी महाडच्या त्या कापडवाल्याला दावनार हाय. त्याच्याकडनंच त्ये हिरवं लुगडं घेनार."

ह्या वर्षीचे मुहूर्त संपत आले. लग्न तुळशीचं लग्न लागल्यावर धरलं आहे. चंद्री काल जेवली. पाण्याला गेली. हंडा भरलेला होता.

आता तुझं. चांगूचा निरोप आला की कार्डाची बातमी खोलीत पोचली आणि तुझी वळकटी आणि ट्रंक बाहेर गॅलरीत काढून ठेवली आहे. ज्याची मला भीती होती तेच झालं, आणि ते मी मागितलं म्हणून झालं. गिरणीचंही काही खरं नाही असं भागोजी म्हणतो. दवाखान्यातून सोडतील तेव्हा तू कुठे जाणार? लिहू नकोस, 'बघू कुठेतरी' असं तर अजिबात लिहू नकोस. इथे ये.

घराच्या वरच्या अंगाला, वारं लागेल अशी, खोप बांधली आहे. मी नाही, ह्यांनी बांधली. तू ओळखतोस त्यांना. नुसतं कुऱ्हाड घेऊन गेले आणि वासे तोडून आणले. परवा महाडला गेले आणि येताना तुझ्यासाठी ताट, वाटी आणि तांब्या घेऊन आले. तांबटाकडून त्यावर तुझं नाव घालून आणलं आहे, पुरतं नाव, महिपती. मी म्हटलं, नाव कशाला घातलं? म्हणाले, "कुनाचं म्हनून कुनी इचारायला नको." तुझं वेगळं ताट तयार आहे. ह्या वेळेला तू मागायच्या आधी.

भागोजी तुला आणायला निघाला आहे, हे पत्र त्याच्याच खिशात आहे. तो म्हणतो डॉक्टरांनी सुया आणि गोळ्या लिहून दिल्या आहेत, महाडला मिळतात, विश्रांती आणि दूध पाहिजे. दूध आहे. विश्रांती मी देईन, न घेतलीस तर बडवून देईन. तो असंही म्हणाला की महिपतीदादा हल्ली उठून बसत नाहीत. मी विचारलं, म्हणजे कसे आहेत? तर म्हणाला, "तशे बरे हायेत." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग त्यानं खरं सांगितलं.

मला खरं माहीत आहे आता. म्हणून तुझं काही बरं-वाईट झालं तर, असं मी लिहीत नाही. मरू नकोस, असं लिहिते. तुळशीच्या लग्नापर्यंत मरू नकोस, आणि त्यानंतरही मरू नकोस. पण तुळशीच्या लग्नापर्यंत तर नाहीच. अंतरपाट धरतील तेव्हा चंद्रीच्या मागे मामा लागतो. तू लांब उभा राहा. तोंडाला फडकं बांध. उभं राहवत नसेल तर आम्ही खाट आणून ठेवू, तिच्यावर बस. मांडवात लोक विचारतील, हा तोंड बांधलेला कोण? त्यांना मी सांगेन. तुझं नाव घेऊन सांगेन आणि रोगाचं नाव घेऊन सांगेन, आणि मग म्हणेन, अक्षता घ्या.

वाट बघते.

तुझी थोरली बहीण
राही